एकोणिसावा घड्याळजी

श्रीयुत व्याहीबुवा यांचे सेवेशी,

आदरपूर्वक नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असावी अशी माझी समजूत आहे. तसे नसल्यास ही समजूत मी याच ओळीत मागे घेतो. आपल्या उजव्या गुडघ्याची वार्ता कन्येकडून वेळोवेळी समजते. ती आपल्या घरी आनंदात आहे असे ती फोनवर सांगते, आणि ज्या अर्थी हे सांगताना शेजारी विहीणबाई बसलेल्या असतात, त्या अर्थी ते खरेच असणार. इकडील मंडळी सुखरूप आहेत. माझ्यापुरते म्हणाल तर मी जिवंत आहे, परंतु त्यास आता विशेष अर्थ उरलेला नाही. तो का उरला नाही, हे सविस्तर कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. (फोनवरही सांगता आले असते. परंतु फोनवर आपण मध्ये बोलता.)

मी चौतीस वर्षे नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो, हे आपणांस ठाऊक आहे. तरीही आपल्याकडील मंडळी दर भेटीत "म्हणजे नक्की काय करता?" असे विचारतात, म्हणून एकदाचे लेखी देतो. नट रंगमंचावर वाक्य विसरला, की विंगेतल्या अंधारात संहिता घेऊन बसलेल्या माणसाने मनात तीन मोजायचे आणि त्या वाक्याचे पहिले दोन शब्द सोडायचे. ते असे, की नटास ऐकू जावेत आणि पहिल्या रांगेस ऐकू जाऊ नयेत. माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले, परंतु ती चौथी मी पूर्ण केलेली आहे, आणि चौतीस वर्षांत माझ्याकडून एक काना मागेपुढे झालेला नाही. राजे, वकील, प्रेमिक, खुनी, सर्वांची वाक्ये मी त्यांच्या आधी म्हटलेली आहेत. टाळ्या त्यांनी घेतल्या. आमच्या घरातून एकदाच नाटक पाहावयास येणे झाले. परतल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "नाटक छान होतं. तुम्ही गेला होतात का?"

तेव्हापासून मनात एक कुसळ होते, ते मी कोणास दाखवले नाही. मरण्यापूर्वी एकदा उजेडात उभे राहावे, इतकेच ते कुसळ. गेल्या महिन्यात वर्तमानपत्रात आले, की एका मोठ्या व्यावसायिक कंपनीस नव्या संगीत नाटकासाठी वृद्ध घड्याळजी पाहिजे. एक गाणे, अकरा वाक्ये, आणि तिसऱ्या अंकात मृत्यू. मी जाहिरात कापून चष्म्याच्या डबीत ठेवली. चार दिवसांनी सौभाग्यवतीने चष्म्यासाठी ती डबी उघडली आणि गुपित फुटले. ती म्हणाली, "तिसऱ्या अंकात मरता ना? मग जेवायला घरी याल." ही आमच्या घरची संमती होय. अर्ज सूनबाईंनी मोबाइलवर भरला. त्यात 'यापूर्वी केलेल्या भूमिका' असा रकाना होता. मी 'सर्व' असे लिहावयास सांगितले. तिने एकदा माझ्याकडे पाहिले, परंतु लिहिले.

येथून माझ्या अधोगतीस आरंभ झाला. चौतीस वर्षे जो गळा कुजबुजण्यासाठी राखला, तो मोठ्याने उघडेना. गाणे आणि प्रवेशाचे कागद त्यांनी आगाऊ पाठवले होते. गाण्याची पहिली ओळ अशी, की 'काटे मागे फिरवले मी, वेळ मागे फिरली नाही.' मी न्हाणीघरात उभा राहून ती म्हटली. बाहेर सूनबाई नळ गळतोय का ते पाहत होती. मग मी निश्चय करून, पोटातून जोर लावून म्हटली, तर सौभाग्यवती हातातला झारा घेऊन धावत आली आणि कोण पडले म्हणून विचारू लागली. मी वाफ घेतली, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या, आरशासमोर मरण्याचा सराव केला. (मरणे मला बरे जमते असे सूनबाईचे मत पडले. सौभाग्यवती म्हणाली, "उठताना कण्हू नका. मेलेला माणूस कण्हत नाही." सूचना वाजवी होती. मी कण्हणे बंद केले.) वरच्या मजल्यावरील निवृत्त शिक्षकांनी आठव्या दिवशी जिन्यात गाठून, घरात सर्व ठीक आहे ना, अशी चौकशी केली. सर्व ठीक आहे, मी गात आहे, असे मी सांगितले. ते बराच वेळ माझा हात हातात घेऊन उभे होते.

चाचणीच्या दिवशी छातीवर एकोणीस हा आकडा टाचणीने लावून मला एका लांब खोलीत बसवले. तेथील माणसे पाहून मी हबकलो. एक जण घोड्यासारखे ओठ फडफडवीत होता, एक बाई भिंतीकडे तोंड करून मांजरासारखा आवाज काढत होती, आणि खिडकीखाली एक तरुण डोळे मिटून फरशीवर सरळ पडलेला होता. कोणी त्याच्याकडे पाहतही नव्हते. माणुसकी म्हणून काही चीज असते. मी पाण्याची बाटली उघडली आणि त्याच्या तोंडावर पाणी शिंपडले. तो ताडकन उठून बसला. तो श्वासाचा व्यायाम करीत होता, असे त्याचे म्हणणे पडले. मी क्षमा मागितली आणि पंचा देऊ केला; त्याने तो घेतला नाही. याच तरुणाची कंपनीत घड्याळजीच्या मुलाच्या भूमिकेसाठी निवड झालेली आहे आणि माझा प्रवेश याच्याचबरोबर आहे, हे मला नंतर कळले. दैव नावाची काही योजना असावी, आणि ती माझ्याविरुद्ध असावी.

प्रथम आम्हां पंधरा-वीस जणांस एकत्र नाचवले. घड्याळजीस नाचावयाचे काय कारण, असे मी नम्रपणे विचारले. नाच शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, या नाटकात सगळेच नाचतात काका, घड्याळंसुद्धा. त्यांनी पावले दाखवली, ती मी नीट ध्यानात ठेवली. मग त्या "पाच, सहा, सात, आठ" असे ओरडल्या. व्याहीबुवा, चौथी शिकलेल्या माणसासही मोजणी एकापासून सुरू होते हे ठाऊक असते. मी एकाची वाट पाहत उभा राहिलो. तो कोणी तोंडाने म्हणेना; अखेर बाईंच्या तोंडून आला तेव्हा बाकीची मंडळी समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचलेली होती, आणि मी निघालो तेव्हा ती परत येत होती. पुढचे वर्णन मी करीत नाही. मांजराचा आवाज काढणाऱ्या बाईंच्या पायाचा अंगठा शाबूत आहे, एवढे लिहितो.

यानंतर एकट्याने आत. आत अंधार, उजेड फक्त रंगमंचावर, आणि अंधारात टेबलामागे तीन माणसे. अंधाराची मला सवय आहे, उजेडाची नाही. समोरून कोणी आपल्याकडे पाहत आहे या जाणिवेने माझे हात कोठे ठेवावेत हे मला समजेना. विंगेत त्यांत संहिता असे. पियानोवरील मुलीने विचारले, की पट्टी कोणती. आता परक्या मुलीस आपण होऊन आज्ञा करणे मला प्रशस्त वाटेना. "आपल्याला सोयीची असेल ती," असे मी सभ्यपणे म्हणालो. तिला जी सोयीची होती ती कोकिळेस सोयीची असते. पहिली ओळ मी टाचा उचलून गाठली. दुसऱ्या ओळीस नुसते ओठ हलले. अंधारातून "ठीक आहे, थँक्यू" असे आले. सर्वांना मध्येच थांबवतात म्हणे, ती तेथील रीत आहे. परंतु पडदा पडल्याशिवाय थांबावयाचे नाही हे माझ्या अंगात मुरलेले. मी तिसरे कडवे संपेपर्यंत थांबलो नाही. पियानोवरील मुलगी केव्हाच थांबलेली होती.

मग प्रवेश. तो तरुण (केस अद्याप ओले) समोर आला. मुलगा बापाचे दुकान विकावयास निघाला आहे, असा तो प्रसंग. तो म्हणाला, "बाबा," आणि थांबला. मी मनात तीन मोजले. व्याहीबुवा, माझा इलाज नव्हता. मी हळूच त्याचे पुढचे दोन शब्द सोडले. त्याने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले आणि वाक्य म्हटले. पुढच्या वाक्यात पुन्हा थांबला. मी पुन्हा दिले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला,

"काका, मी विसरलो नाहीये. मी थांबलोय."

मी म्हणालो, "थांबायचं असेल तर आधी कळवत जा, बाळ."

अंधारात कोणीतरी खोकले. तरुणाने आपले वाक्य पुरे केले. मी घड्याळजीच्या वाक्याची वाट पाहू लागलो. ते येईना. मला त्या नटाची कीव आली. भर प्रवेशात विसरणे यासारखी नामुष्की नाही. मी तीन मोजले आणि त्यास कुजबुजत पहिले दोन शब्द दिले. तरी तो बोलेना. मी पुन्हा दिले. मग तो तरुण, या वेळी मात्र पुष्कळ हलक्या आवाजात, म्हणाला, "काका, घड्याळजी तुम्ही आहात."

मी ते वाक्य नंतर म्हटले. 'विक, पण भिंतीवरचं घड्याळ चालू असताना विकू नकोस,' असे ते आहे. ते मी कसे म्हटले हे मला सांगता येणार नाही. माझाच आवाज समोरच्या भिंतीवरून परत आला, आणि तो कोणाचा हे मला क्षणभर ओळखता आले नाही.  टेबलामागच्या तिघांतील दिग्दर्शकबाई म्हणाल्या, "कळवू." चौतीस वर्षांत 'कळवू' म्हटलेल्या एकाही माणसास काही कळवल्याचे मी पाहिलेले नाही.

घरी आलो तेव्हा सौभाग्यवतीने न मागता पाणी दिले, यावरून माझा चेहरा कसा असेल याची कल्पना करावी. आता जेवण जात नाही. वरचे शिक्षक जिन्यात हात हातात घेतात तो सोडवत नाही. एकूण, आपल्या-माझ्यासारख्या वयस्क, प्रतिष्ठित आणि नातवंडे असलेल्या गृहस्थांनी असल्या ठिकाणी पाऊल टाकू नये, असे माझे अनुभवांती ठाम मत झालेले आहे. तेथे मान नाही, मोजणी एकापासून नाही आणि बसण्यास पाठीची खुर्चीही नाही. विहीणबाईंस नमस्कार, मुलांस आशीर्वाद. कळावे, आणि कळल्याप्रमाणे वागावे.

आपला नम्र
व्याही

ता. क. : बाहेर पडताना दारावर येत्या गुरुवारची यादी चिकटवलेली दिसली. घड्याळजीच्या भूमिकेसाठी सातव्या क्रमांकावर आपले नाव आहे. कन्येने याविषयी चकार शब्द काढलेला नाही. ती आता पूर्णपणे आपल्या घरची झाली, याचे समाधान आहे. लग्नात आपण गायलेल्या दोन गाण्यांची आमच्या घरात अजूनही स्तुती होते, ती मी ऐकून घेतो. आपला गळा चांगला आहे हे मी नाकारीत नाही. म्हणूनच आपल्या गुडघ्याकडे पाहून विनंती, की आपण येऊ नये.

दुसरा ता. क. : वरील मजकूर सौभाग्यवतीने वाचला. ती म्हणते, "नऊशे शब्द रडलात आणि मुद्दा शेवटी. त्यांना येऊ द्या. ते आले नाहीत तर तुम्हाला घेतलं काय आणि नाही घेतलं काय, कळणार कसं?" हा मुद्दा मी विचारात घेतला आहे. विनंती अंशतः मागे.

तिसरा ता. क. : आलातच, तर पट्टी आपण स्वतः सांगावी; पियानोवरील मुलीच्या सोयीवर सोडू नये. 'फिरवले' या शब्दावर सूर चढतो, त्याच्या आधी श्वास घ्यावा, नंतर घेतल्यास उशीर होतो. मोजणी पाचापासून सुरू होते. तो तरुण 'बाबा' म्हणून थांबेल. तो विसरलेला नसतो, त्यास थांबू द्यावे. फरशीवर पडलेला दिसल्यास पाणी मारू नये. अकरा वाक्ये स्वतंत्र कागदावर मोठ्या अक्षरात उतरवून सोबत जोडली आहेत, जेथे अडखळण्याचा संभव आहे तेथे खाली रेघ मारली आहे. मी गुरुवारी सकाळी दहापासून तेथील बाकावर बसलेला असेन. भूमिका माझी आहे.