वर्गाची बाटली

१८ जून १९७९, सोमवार

आले बाई एकदाची! गडहिंग्लजहून निघालेल्या एस.टी.त एका गृहस्थांची कोंबडी माझ्या पायाशी होती आणि संकेश्वरपासून कागलपर्यंत ती माझ्या चपलेवर चोच मारत होती. मालक म्हणाले, घाबरू नगासा, चावत न्हाई ती. तरीसुद्धा मन कसं हरखून गेलंय. ट्रंकेत अव्वानं, म्हणजे आईनं, दिलेली शेंगांची चटणी आणि कडक भाकऱ्या आहेत, म्हणजे आठवडाभर जेवणाची चिंता नाही.

कोल्हापुरात शाहूपुरीत गणपतराव डॉक्टरांची लॅबोरेटरी आहे आणि तिच्या माडीवर रक्त-लघवी तपासायला शिकणाऱ्यांचा वर्ग. त्या वर्गाची मी आता बाई! नऊ पोरं-पोरी आहेत. त्यांना तपासण्या शिकवायच्या, नोंदी नीट ठेवायला लावायचं आणि जोडीला संख्याशास्त्र. गेल्या वर्षीची अख्खी बॅच परीक्षकांनी नापास केली, कारण पोरांनी आकडे मनानं लिहिले होते. डॉक्टर म्हणाले, महादेवीबाई, यंदाही तेच झालं तर वर्ग बंद करावा लागेल. मी म्हटलं, माझ्या हाताखाली एकही आकडा खोटा लिहिला जाणार नाही. जरा जास्तच तोऱ्यात बोलले खरी.

इथं एक गमतीची पद्धत आहे. पेशंटांच्या रक्ताबरोबर रोज एक ठरलेलं रक्त तपासायचं, ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं. ते बरोबर आलं तर बाकीचीही बरोबर. हे सगळीकडेच करतात, पण इथं ते रक्त शिकवणाऱ्याचंच लागतं! लालासाबमामा म्हणून इथले जुने अटेंडंट आहेत, ते उकळलेली सिरिंज घेऊन हजर झाले. म्हणाले, पयल्या दिवशी पावण्यांनी बाटलीत रक्त द्यायचं, मग ते पावणं ऱ्हात न्हाईत, घरचं हुत्यात. मी हसत हसत बाही वर केली. रक्त यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळं पाणी, म्हणजे सीरम, एका तपकिरी बाटलीत ओतलं. तिच्या तळाशी आधीचं थोडं शिल्लक होतं. मी म्हटलं, हे धुऊन टाका की. तर मामा म्हणतात, इरजण कुणी धुतं व्हय? आधीचं थोडं ठेवूनच नवं घालायचं, म्हंजे आकडा उडी मारत न्हाई.

शास्त्रात हे बसत नाही. पण पहिल्याच दिवशी कशाला वाद घाला? बाटलीचा युरिया अठ्ठावीस आला. किडनी धड असली की वीस ते चाळीस असतो, म्हणजे मी ठणठणीत आहे.

२१ जून, गुरुवार

नऊ जण, नऊ नळ्या आणि नऊही जणांचं उत्तर अठ्ठावीस. वा रे पठ्ठ्यांनो! मी जी काही तापले! अरे, एकाच पिठाच्या भाकऱ्या थापल्या तरी एक बोटभर मोठी होते, एक लहान होते. नऊ हातांतून एकच आकडा कसा निघेल? कागलचा कृष्णात मान वर करून मलाच विचारतो, बाई, बरोबर उत्तर अठ्ठावीसच हाय न्हवं, मग दुसरं कशापायी लिवायचं?

कपाळ माझं! तरी फळा भरून सरासरी शिकवली, आकडे सरासरीच्या दोन्ही अंगांना कसे पसरतात ते शिकवलं, खरा आकडा आणि रचलेला आकडा कसा ओळखायचा तेही शिकवलं. सलिमा तेवढी मन लावून उतरवून घेत होती. कबनूरच्या यंत्रमागवाल्याची मुलगी, चुणचुणीत आहे. बाकीचे खिडकीतून गुळाच्या गाड्या बघत होते. घसा पार बसलाय माझा.

२७ जून, बुधवार

जिरवली! बाटलीची नळी आता मी पेशंटांच्या नळ्यांत लपवते, कुठली ते फक्त मला ठाऊक. आता घ्या मनानं आकडे! काल सत्तावीस, एकोणतीस, तीस, सव्वीस असे आले. थोडे इकडे, थोडे तिकडे, खऱ्या आकड्यांना शोभतील असे. भिंतीवर आलेख लावलाय, त्यावर रोजची सरासरी टिंबानं मांडायची. कृष्णात म्हणाला, बाई, आता बघून लिवायला मजा येती. मला इतकं बरं वाटलं की सगळ्यांना कटवडा खायला घातला.

५ जुलै, गुरुवार

टिंबं वर सरकायला लागलीत. परवा चौतीस होतं, आज एकोणचाळीस. पोरांची चूक नाही, मी स्वतः करून पाहिलं. या तपासणीत नळ्या उकळत्या पाण्यात ठेवल्या की गुलाबी रंग येतो, आणि युरिया जितका जास्त तितका रंग गडद. आज बाटलीची नळी मलाही गडद दिसली. औषध जुनं झालं असेल. उद्या नवं करते.

११ जुलै, बुधवार

पंचावन्न!

डोकं फुटायची वेळ आलीय. औषध नवं केलं. रंग मोजायच्या यंत्राचा दिवा बदलला. काचेच्या नळ्या आम्लात बुडवून ठेवल्या, बाटलीचं बूच बदललं. नुसत्या युरियाचं मोजून केलेलं पाणी अगदी बरोबर येतं, पेशंटांचे आकडेही बरोबर येतात, आणि एकटी ही बाटली चढतेय. असं होत नसतं! बर्फाच्या कप्प्यात ठेवलेलं सीरम स्वतःहून वाढत नसतं, ते काय पीठ आहे फुगायला?

डॉक्टर म्हणाले, शिकवण्यात कुठंतरी गफलत होतेय. म्हणजे पुन्हा माझ्याच डोक्यावर. रागाच्या भरात माझं ताजं रक्त काढलं आणि त्यांच्यासमोर तपासलं. अठ्ठावीस. बघा म्हटलं. ते बघून खाली निघून गेले.

१६ जुलै, सोमवार

पंचाहत्तर झालं. आज माझा संयम सुटला. बाटली उचलली आणि सगळ्या वर्गासमोर मोरीत उपडी केली. तीनदा धुतली. मामा दारात उभे राहून नगा बाई, नगा बाई करत होते, त्यांनाही झापलं. उद्या डॉक्टरांचं रक्त घालून नवी सुरुवात. कुरकुरत का होईना, कबूल झालेत. सुटले एकदाची या कटकटीतून.

संध्याकाळी चपलेचा अंगठा रुतायला लागला. पाय सुजल्यासारखे वाटतात. दिवसभर उभं राहून होत असेल.

१७ जुलै, मंगळवार

नवी बाटली. आत डॉक्टरांचं रक्त. आकडा एक्क्याऐंशी. डॉक्टरांचं ताजं रक्त वेगळं तपासलं तर तीस.

मी मामांना बोलावलं. ते म्हणाले, बाई, रविवारीच चमचाभर काढून ठेवलतं की, त्येच आज नव्या बाटलीत घातलं. तुमचा राग बघून वळखलं मी, ही बाई एक दिवस बाटली वतणार. मग वर्ग चालायचा कसा? इरजण मोडलं तर पुन्यांदा लागत न्हाई. मी इतकी ओरडले की खालचे पेशंट जिन्यात जमले. माझी सगळी मेहनत एका चमच्यात घालवली या माणसानं!

मग मामा खालीच बसले आणि माझ्या आधीच्या मास्तरांचं सांगू लागले. केरबा मास्तर. त्यांनीही पहिल्या दिवशी रक्त दिलेलं, त्यांचाही आकडा असाच चढत गेला. तेही माझ्यासारखेच औषधं बदलायचे, पोरांवर खेकसायचे. मग त्यांच्या अंगावर सूज आली. मी विचारलं, आता असतात कुठं? मामा म्हणाले, दिवाळीच्या आदी गेलं मास्तर. किडनी.

गेल्या वर्षीच्या पोरांचंही तेव्हाच कळलं. मास्तर रोज सकाळी विचारायचे, आज किती आला रे? आणि आकडा ऐकून तोंड एवढंसं व्हायचं. ते बघवेना म्हणून पोरांनी अठ्ठावीस, तीस असं लिहायला सुरुवात केली. मास्तर गेल्यावरही भीतीपोटी तेच लिहीत राहिली. परीक्षकांनी पकडलं ते हे.

योगायोग आहे. दुसरं काय असणार? मी सायन्सची पदवीधर आहे.

२३ जुलै, सोमवार

सकाळी आरशात डोळेच दिसेनात, एवढा चेहरा सुजलेला. चटणीतलं मीठ बाधलं म्हणून स्वतःची समजूत घातली. मग ताजं रक्त काढलं.

अठ्ठावन्न. पुन्हा केलं. साठ.

बाटली एकशे दहा. बाटली पुढं, मी मागून. जिथं ती दहा-बारा दिवसांपूर्वी होती तिथं आज मी आहे.

डॉक्टरांनी नळी उजेडाकडं धरून बघितली. म्हणाले, मिरजेला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, आणि ही बाटली आत्ताच्या आत्ता जाळून टाकू. मीच किंचाळले, हात लावू नका! ओतली त्याच दिवसापासून माझे पाय सुजलेत. जाळली तर माझं काय होईल? मामांना सांगितलं, कुलूप घाला. ज्या बाटलीचा मला एवढा संताप आला ती आता मी जिवापाड जपतेय. लाज वाटते आणि रडूही येतं. मला जगायचंय. अजून अव्वाला कोल्हापूरसुद्धा दाखवलं नाही.

२६ जुलै, गुरुवार

मिरजेला गेलते. दाखल व्हा म्हणाले. सोमवारी येते सांगून परत आले. बाटली बघितल्याशिवाय चैन पडेना.

आणि उतरलीय! नळी लपवायचं त्राण आता माझ्यात नाही, मामाच काढून देतात; पोरांनी आकडे लिहिलेल्या नऊ चिठ्ठ्या आल्या. साठ, बासष्ट, एकोणसाठ... सरासरी साठ! एकशे दहावरून साठ! बाटली पुढं असते ना, मग मीही उतरणार. अव्वाला पत्र टाकलं. वर्गात पेढे वाटले. कृष्णातनं पेढा घेतला, पण खाल्ला नाही, नुसता हातात धरून बसला. सलिमा लगबगीनं बाहेर गेली.

२८ जुलै, शनिवार

आज एकतीस. काल बेचाळीस होता.

सूज उतरत नाही. वाढतेय.

चिठ्ठ्या घेऊन बसले. एकतीसच्या वर चार, खाली चार, एक बरोबर मधे. कालच्याही तशाच. परवाच्याही. खऱ्या आकड्यांत एक तरी आडमुठा असतो, भलतीकडेच जाऊन बसणारा. यांत एकही नाही. किती सुबक पसरलेत! खरा आकडा कसा दिसतो ते मीच शिकवलं ना फळ्यावर. चांगलं शिकलीत पोरं.

विचारलं. सलिमा रडत म्हणाली, बाई, तुमचं तोंड बघवत न्हवतं.

खरा किती, विचारायचं धाडस झालं नाही. कुणावर ओरडलेही नाही. ओरडायला दम लागतो.

३० जुलै, सोमवार

मिरजेची गाडी दुपारची. त्याआधी एकदा स्वतः बघणार. पोरांना बाहेर काढलं. मामांकडून किल्ली घेतली.

बाटलीची एक नळी. माझ्या ताज्या रक्ताची एक. पेशंटांच्या तीन. पाणी उकळतंय. वाट बघत लिहितेय. हात जड झालाय —

पेशंटांच्या तिन्ही गुलाबी.

बाटलीची नि माझी — नाही. अजून नाही. औषध घालायला विसरले असेन —

पुन्हा घातलं. उकळतंय. रंग नाही. फिकासुद्धा नाही. असं फक्त कोरं पाणी राहतं. जिवंत माणसाचं रक्त आजवर कधी असं —

दमल्यासारखं वाटत होतं ते गेलं. पाय हलके वाटतात. सूज उतरली की काय —

सलिमा आली. मी म्हटलं, बघ गं, आणि दिसतं तेच लिही, खरं तेच. ती ऐकत नाही. मी बसले होते त्या खुर्चीपुढं मटकन बसली. मामांना हाका मारतेय, ओरडतेय, बाईंचा हात गार पडलाय म्हणते. अगं कुठला हात? माझा हात तर हा, लिहि—