काष्टीच्या मेलवर अण्णांची पाटी

९ डिसें., मंगळ.
अश्विनीचं शिफारसपत्र परत. तिसऱ्यांदा. पोरगी आमच्या काष्टीच्या कॉलेजची, ज्वारीच्या मुळांवर संशोधन करायला परदेशी निघालीय. पत्र तिथल्या विद्यापीठाला कॉलेजच्याच मेलवरून हवं, १५ पर्यंत. परत आलेल्या मेलचा मथितार्थ: पाठवणाऱ्याला या कॉलेजच्या नावानं बोलायचा अधिकार दिसत नाही. एकवीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवतोय. हा संशय आजवर फक्त विद्यार्थ्यांना होता.

१० डिसें.
श्रीगोंद्याच्या प्रवीणला फोन. दिवाळीत कॉलेजची नवी वेबसाइट आणि नवा मेल सर्व्हर यानंच बसवला. म्हणे, तुमी पत्ता चुकीचा टाकला आसंल. सात वेळा तपासला. प्राचार्यांची सूचना: प्रिंट काढा, सही-शिक्का मारा, स्कॅन करून पाठवा. पाठवलं. शिक्क्यासकट परत.

११ डिसें.
प्रवीण स्वतः आला. डीएनएस म्हणजे कॉलेजच्या नावाची इंटरनेटवरची नोंदवही. तिच्यात एक ओळ असते: आमच्या नावानं मेल कुठल्या सर्व्हरनं पाठवायची. एकच हवी. आमच्या दोन. एक संस्थेचे आधीचे अध्यक्ष अण्णा यांच्या काळातली, दुसरी प्रवीणची. दोन दिसल्या की समोरचा सर्व्हर दोन्ही धरत नाही.
"मग जुनी काढली का नाहीस?"
"अण्णांच्या टायमाची हाय सर. आपन कशी काढायची?"
रागवणार होतो. पण गेटवर देणगीदारांच्या तीन पाट्या आहेत. जुनी कुणी उतरवत नाही, शेजारी नवी ठोकतात. तिसरीच्या वेळी भाषण मीच केलं होतं.

१२ डिसें.
आताचे अध्यक्ष अण्णांचे पुतणे. म्हणाले, काढायची तर ठराव लागेल, बैठक सोमवारी. सोमवारी १५. सायंकाळी अश्विनीचा फोन. तुम्हाला उगाच त्रास, म्हणाली. तारखेबद्दल अवाक्षर नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१३ डिसें., शनि.
अण्णा नगरला सावेडीतच राहतात, माझ्या घरापासून स्कूटरवर पाच मिनिटं. हे दोन दिवसांत सुचलं नाही. शास्त्रज्ञ ना आपण. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.
"त्या वळीत माझं नाव हाय का?"
नाही म्हटलं, जुन्या सर्व्हरचं आहे.
"मंग काढा की. मला लोकं कवा इचारनार, मेल्यावर?"
प्रवीणला फोनही त्यांनीच लावला. ओळ गेली. पण प्रवीण म्हणे, नवी नोंद सगळीकडं पोचायला दोन दिस धरा.

१५ डिसें., सोम.
अकराला पाठवलं. परत. दोनला पाठवलं. परत. तिकडे बैठकीत ठराव: जुनी ओळ काढण्याबाबत समिती नेमावी. सदस्य मी.
पावणेपाचला पुन्हा पाठवलं. सहा वाजले, परत नाही. पोच पण नाही.
अश्विनीचा फोन. "सर, पोचलं का?"
"परत आलेलं नाही," म्हटलं.
मग तिनं विचारलं, "मग बॅग भरायला घेऊ?"