दादाने जिंकलेली मॅच

१४ जून, शुक्रवार
माझ्या दुरुस्तीच्या दुकानातून, सकाळी

सौ. वहिनींस,
नमस्कार.

तुमच्या शाळेत, तेही दुकानातल्या पोराच्या हाती, माझं पत्र बघून दचकला असाल. घरी सगळं ठीक आहे. आईचं गुडघ्यांचं रडगाणं चालू आहे, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. फोनच करायला हवा होता, पण तुमचा फोन हल्ली दादा उचलतो आणि स्पीकरवर टाकतो. काल तीनदा केला. तिन्ही वेळा त्याच्याशी गेमबद्दल बोललो आणि ठेवला.

तो व्हिडिओ गेम दुरुस्त झाला. सोमवारच्या ऑपरेशनआधी एकदा खेळायचाच, असा हट्ट धरून बसलाय ना तो. आत एक तार सुटली होती, डाग दिला. कुस्तीची कॅसेट लहानपणीसारखी फुंकर मारून घातली, तर दुसऱ्या फुंकरीला चालू झाली. दाढीवाला पहिलवान अजून तसाच ठोकळ्याठोकळ्यांचा आहे. आडवा पडला की बटणं पटापट दाबायची, मग उठून उभा राहतो, कितीही मार खाल्लेला असो. ते बघितलं आणि मला पुढे खेळवेना.

नमनालाच घडाभर तेल झालं. लिहायचं आहे ते वेगळंच आहे, आणि हात चालत नाही.

दादाची ती पट्ट्याची मॅच तुम्ही शंभरदा ऐकली असेल. तुम्ही पहिल्यांदा घरी आलात तेव्हाही त्याने तीच ऐकवली होती. तो बारा वर्षांचा, मी नऊ. टीव्हीवरच्या कुस्त्यांनी आम्हाला वेड लावलं होतं. पहिलवानांच्या खेळायच्या पत्त्यांवरची उंची, वजनं पाढ्यांपेक्षा चांगली पाठ होती. पुठ्ठ्याला सोनेरी कागद चिकटवून आम्ही विजेत्याचा पट्टा केला. आई कामावर गेली होती. मी कपाटावरून उडी मारली, दादा बाजूला सरकला, मी तोंडावर आपटलो आणि त्याने मला दाबून तीन आकडे मोजले. मी कसा पडलो याची नक्कलसुद्धा तो करून दाखवतो. शेजारी बसून मी हसतो. एकोणतीस वर्षं हसतोय.

वहिनी, दादा बाजूला सरकला नव्हता.

मी दोन्ही गुडघ्यांनी त्याच्या छातीवर पडलो. तो मागे गेला आणि लोखंडी पलंगाच्या कोपऱ्यावर त्याचं डोकं आपटलं. तो पडून राहिला. मला आनंद झाला. मी तीन मोजले, पट्टा डोक्यावर धरून खोलीभर नाचलो. हरलेल्याने मेल्यासारखं पडून राहायचं, हे मला दादानेच शिकवलं होतं. मारायचं हळू आणि पडायचं जोरात, हे सगळं नाटक असतं, हेही त्यानेच सांगितलेलं. मी म्हटलं, "पुरे आता." तळव्याला गुदगुल्या केल्या. पंच करतो तसा त्याचा हात उचलून सोडला, तो धपकन पडला. मला वाटलं, काय झकास करतोय. मग त्याच्या टाचा आपोआप फरशीवर आपटायला लागल्या आणि माझी पाचावर धारण बसली.

तरी मी कुणाला हाक मारली नाही. आईने बजावलं होतं, घरात पुन्हा कुस्ती दिसली तर टीव्ही आणि गेम दोन्ही भंगारात जातील. मी टीव्हीसाठी गप्प बसलो. घड्याळाचा मोठा काटा तीनवरून चारवर गेला, तेव्हा दादाने डोळे उघडले आणि विचारलं, "कोण जिंकलं रे?"

मी म्हणालो, "तू."

"कसा?"

मग मी ती सगळी गोष्ट रचली. तो इतका खूश झाला की पुढचं काही विचारलंच नाही. संध्याकाळी त्याला उलट्या झाल्या, दोन दिवस झोपून होता. आईला वाटलं, काहीतरी बाधलं.

आता बुधवारचं. तुम्ही फाइल घेऊन काउंटरवर गेला होतात. डॉक्टरांनी दादाच्या मेंदूच्या फोटोतला तो डाग दाखवला. म्हणाले, "ही नवी गाठ असू शकते किंवा जुनी जखम. जुनी असेल तर लगेच उघडायची घाई करणार नाही, आधी औषधं देऊन बघू. लहानपणी मार लागून कधी शुद्ध हरपली होती?"

दादा हसून म्हणाला, "टेंगळं रग्गड आली, डॉक्टर. शुद्ध कधी नाही गेली. उलट मीच याला लोळवलंय, विचारा." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "हो." आणि हसलो. त्यांनी कागदावर 'नाही' लिहिलं.

डाव्या हाताची खात्री देता येत नाही, असं त्यांनी तुम्हालाही सांगितलंय. दादा डावखुरा टेलर आहे. सोमवारी आठ वाजता त्याचं डोकं उघडतील, कदाचित उगाचच, आणि ते मला थांबवता येतंय. तरी दोन दिवस मी दुकानात बसून आहे. त्याला काही होईल याची भीती वाटते. पण हे कळल्यावर तो माझ्याकडे कसा बघेल, याची त्याहून जास्त वाटते. लाज वाटते लिहायला, पण तसंच आहे.

डॉक्टर आज चार ते सहा आहेत. मी फोन केला होता, तिथल्या बाई म्हणाल्या, पत्नीला फाइल घेऊन पाठवा. त्यांना एवढं सांगा: वय बारा. उजव्या कानाच्या वर दोन बोटं. पाच मिनिटं बेशुद्ध, टाचा झटके देत होत्या, मग उलट्या. तिथे टेंगूळ आलं होतं. दादा झोपला की मी रोज चाचपून बघायचो. नवव्या दिवशी गेलं आणि मला वाटलं, सुटलो.

चार वाजता मी हॉस्पिटलच्या फाटकापाशी येतो. दिसलो नाही, तर मी पुन्हा कच खाल्ली असं समजा आणि थांबू नका, एकट्या आत जा. माझ्याशी जन्मभर बोलू नका, चालेल. दादाला मात्र माझ्या तोंडूनच कळू द्या.

तुमचा भाऊजी,
त्या खोलीत शुद्धीवर होता तो