खाकी कोट

आप्पा, परवा तुमचा खाकी कोट मी अंगात घातला. माझा धुवायला टाकला होता आणि तुमचा कॉलेजच्या प्राणीघराबाहेरच्या जुन्या कपाटात इतकी वर्षं तसाच टांगलेला होता. आजीचा जन्म निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळण्यात गेला. बेळगावात येऊन पगाराची नोकरी धरणारे आपल्या घरातले तुम्ही पहिले, याच प्राणीघरात. सुट्टीच्या सकाळी मला बरोबर न्यायचात. एकदा मी पांढऱ्या उंदराला शेपटीनं ओढलं, तर माझा हात झटकलात. "वडू नगंस गं. भ्यालं की रगत चढतंय त्याचं. आदी हाताची ऊब दे." चौथी शिकलेल्या तुम्हाला ते ठाऊक होतं. आज तिथंच मी विद्यार्थ्यांना तेच शिकवते: जनावर घाबरलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून अॅड्रेनलिन सुटतं, काळीज धडधडतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, भीती दिवसेंदिवस टिकली तर दुसरं एक संप्रेरक तो उतरू देत नाही.

माझे उंदीर मला सरावलेत. शेपटीला पट्टा बांधून रोज रक्तदाब मोजते, ते निवांत असतात. परवा कोट घालून दार उघडलं आणि सगळ्या पिंजऱ्यांतली खुडबूड एकदम थांबली. एकूण एक उंदीर मागच्या कोपऱ्यात, एकमेकांवर चढून, माझ्याकडं बघत. एकाला मोजायला घेतलं. पडद्यावरचा आकडा चढतच राहिला. कोट बाहेर ठेवून आले, तेव्हा कुठं बऱ्याच वेळानं उतरला. काल पुन्हा घालून पाहिला. पुन्हा तेच. आप्पा, हे उंदीर तुमच्यानंतर जन्मलेत. त्यांच्या पणज्यांनीही तुम्हाला पाहिलेलं नाही.

मग आठवलं. एखाद्या दिवशी तुम्ही घरी येऊन कुणाशी बोलायचा नाहीत, जेवायचा नाहीत. मी गळ्यात पडायला धावले की आई आडवी यायची, "आज नगं गं. आज त्यांचा प्रयोग संपलाय." प्रयोग संपला की उरलेले उंदीर मारायचं काम तुमच्याकडं असायचं. साहेब मंडळी तोवर चहाला जायची.

भ्यालेलं जनावर वास सोडतं, तो दुसऱ्याला कळतो, एवढं शास्त्र मला माहीत आहे. पण कापडात तो इतकी वर्षं राहतो? काल कोटात तोंड खुपसून मी कितीतरी वेळ हुंगत उभी होते. मला कसलाच वास आला नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. त्या दोन दिवसांचे आकडे मी वहीतून खोडले आणि पुढं 'यंत्र बिघडले' असं लिहिलं. यंत्र चांगलं चालत होतं. खरं लिहिलं असतं, तर कोट कुणाचा, असं कुणीतरी विचारलं असतं.