सोनेरी झुंबराला लोहचुंबक

आदरणीय दादांस,

धाकट्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे नमस्कार गुडघ्यापर्यंतच पोचला, उरलेला मनाने समजून घ्यावा). तुमचा गुडघा आता कसा आहे? वहिनींचा चष्मा सापडला का? मागच्या वेळी तो तुमच्याच डोळ्यांवर निघाला होता, तेव्हा आधी तिथे पाहावे. आमच्याकडे सगळे मजेत. हिचा रक्तदाब आणि माझं बोलणं, दोन्ही डॉक्टरांच्या मते प्रमाणात आहे (डॉक्टर नवीन आहेत).

तुमचं पत्र वाचलं आणि हातातला चहा हातातच गार झाला. तुम्ही लिहिता, क्वांटम कॉम्प्युटर नावाचं यंत्र येतं आहे, ते म्हणे जगातलं कुठलंही कुलूप उघडणार, असं पेपरात छापून आलं आहे. तेव्हा कुलपं घडवण्यात काही राम उरला नाही, शेजारचा रंगवाला जागा मागतोच आहे, तर दुकान फुंकून मोकळं व्हावं. आणि माझी सूनबाई नेमकी त्याच यंत्रावर कामाला आहे म्हणून मी प्रत्यक्ष पाहून माझं मत कळवावं. दादा, जन्मात पहिल्यांदा तुम्ही माझं मत मागितलंत. मी तेवढ्यासाठी नवीन शर्ट काढला.

प्रयोगशाळा म्हणजे बाहेरून अगदी साधी इमारत. दारावरच्या माणसाने मोबाइल आणि घड्याळ काढून घेतलं, पट्ट्याचं बकलसुद्धा तपासलं. दुसऱ्या मजल्यावर, कागदाच्या कपांनी भरलेल्या टेबलांच्या पलीकडे, एक भलंमोठं पांढरं पिंप वरच्या चौकटीला टांगलेलं. त्याच्या आत यंत्र चालू, आणि थंडी इतकी की अंतराळातही तेवढी नसते म्हणतात. (बाहेर मात्र पंप कुणाला तरी खोकला झाल्यासारखा ठसकत असतो.) त्याच्याच शेजारी तसंच दुसरं यंत्र दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं. काय सांगू, मजल्यावर मजले असलेलं सोनेरी झुंबर, वरून खाली बारीक नळ्यांची वेटोळी. जमिनीवर पिवळी पट्टी. ती ओलांडू नका बाबा, एवढं सांगून सूनबाई आपल्या पडद्यांकडे गेली.

आता तुम्हीच सांगा. आपण लहानपणापासून या धंद्यात, तुम्ही कुलपं घडवता, माझं किल्ल्यांचं दुकान. पिवळा धातू समोर दिसला की तो भरीव पितळ आहे की लोखंडावर नुसता मुलामा, हे पाहिल्याशिवाय आपला हात राहतो का? तुम्ही तर लग्न ठरवायला गेलात तेव्हा वहिनींच्या माहेरच्या दाराच्या कडीला चुंबक लावून पाहिला होता. माझ्या खिशात आपला नेहमीचा चुंबक होताच (कुलपात पडलेल्या पिना काढायचा, जोरदार आहे). मोबाइल आहे का, असं सगळे विचारतात. चुंबक आहे का, असं पाहुण्याला कोण विचारणार? मी पट्टी ओलांडली आणि झुंबराला चुंबक लावला. चिकटला नाही. माल अस्सल (तांब्यावर सोन्याचा मुलामा, हे नंतर कळलं). एवढ्यावर थांबलो असतो तर हे पत्र लहान झालं असतं. पण मन भरलं नाही, म्हणून म्हटलं, शेजारच्या पिंपाचीही परीक्षा घेऊ.

पडद्यासमोरची मंडळी एकदम उठून उभी राहिली. सकाळपासून जुळवत आणलेल्या रेघा पडद्यावर सैरभैर झाल्या होत्या. सूनबाईच्या साहेब, हळू आवाजात बोलणाऱ्या एक बाई, माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "काका, खिशात अजून काय काय आहे?" मी एकेक काढून टेबलावर ठेवलं. स्प्रिंगा, पिना, तार, कानस, तेलाची कुपी. बाईंनी ते सगळं पाहिलं, एक लांब श्वास घेतला आणि मला चहाला पाठवून दिलं. चहाची खोली दुसऱ्या टोकाला होती.

तिथे सूनबाईने मला सगळं समजावलं (सासरा असल्यामुळे तिला ओरडता येत नाही, म्हणून समजावते). साधा कॉम्प्युटर म्हणजे नुसत्या कड्या. कडी एकतर लागलेली, नाहीतर निघालेली. या यंत्रात कडीच्या जागी क्यूबिट असतो, आणि तो पाहीपर्यंत दोन्हींचं मिश्रण असतो; पाहिला की मुकाट एकाच बाजूला जातो. मी लगेच म्हटलं, कळलं, म्हणजे जुडग्यातल्या सगळ्या किल्ल्या एकदम कुलपात घालायच्या. तिने कपाळाला हात लावला. पेपरवाले हेच लिहितात म्हणे. तेवढंच असतं तर पाहायला गेल्यावर जुडग्यातली कुठलीतरी एक किल्ली हातात आली असती, आणि ती बहुधा चुकीचीच. तसं काम तर मी फुकट करतो. खरी कारागिरी पुढे आहे. या सगळ्या शक्यता लाटांसारख्या वागतात. झोपाळ्याला लयीत धक्का दिला तर तो वर चढतो, उलटा दिला तर थांबतो, तसं हिशोब असा रचायचा की चुकीची उत्तरं एकमेकांना थोपवतात आणि बरोबर उत्तर फुगत जातं. मग पाहायचं. पण अशी रचना मोजक्याच कोड्यांसाठी सापडली आहे, बाकीच्या कामांत साधा कॉम्प्युटरच बरा. शिवाय क्यूबिट भलतेच नाजूक. ऊब लागली, धक्का लागला, (इथे ती माझ्याकडे बघत होती) चुंबक लागला, की बिघडले. म्हणून ती थंडी, आणि म्हणून एका क्यूबिटने धड वागावं यासाठी भोवती ढीगभर क्यूबिट पहाऱ्याला ठेवावे लागतात. मी धड वागावं म्हणून आमचं सगळं घर लागतं, त्यामुळे हे मला चटकन पटलं.

राहिला कुलपांचा प्रश्न. हे यंत्र ज्या कुलपांच्या मुळावर उठलं आहे ती बँकांची, फोनची, आकड्यांची कुलपं. दोन प्रचंड संख्यांचा गुणाकार करणं सोपं, लॅचचं दार ओढून घेण्याइतकं. पण उत्तर हातात देऊन मूळच्या दोन संख्या काढा म्हटलं की आजच्या कॉम्प्युटरांचा जन्म जाईल. पुरेसं मोठं क्वांटम यंत्र झालं तर ते काढू शकेल. तसं यंत्र अजून झालेलं नाही, कधी होईल ते कुणी छातीठोक सांगत नाही. तरी निराळ्या गणिताची नवी कुलपं तयार होऊन ती बसवायलाही सुरुवात झाली आहे, कारण कुणी लबाड आजच बंद पेट्या पळवून ठेवेल आणि यंत्र आलं की उघडेल. मी म्हटलं, म्हणजे कुलूपवाल्यांना बरे दिवस आले की. सूनबाईला माझं म्हणणं पहिल्यांदाच मान्य झालं. तिला स्वतःला मात्र कुलपांत रस नाही; औषधातले, खतातले बारीक कण एकमेकांना कसे धरून असतात ते या यंत्राला नीट कळेल, याची तिला आशा आहे. ते सांगताना तिचा चेहरा इतका छान झाला की बिघडलेल्या रेघांचं वाईट वाटायचं माझं राहूनच गेलं.

तर माझं मत असं. आपल्या कुलपात स्प्रिंग असते, पितळ असतं, तुमचा हात असतो. गुणाकार नसतो. ते यंत्र बिचारं आपल्या पिंपातून बाहेरही येऊ शकत नाही, ते तुमच्या दुकानावर कुठून चालून येणार? विकू नका. आणि खरं सांगू, तुमचं पत्र वाचून मला यंत्राची भीती वाटलीच नाही. त्या दुकानात गेलो आणि तुम्ही तिथे नसलात तर, याची वाटली.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा.

तुम्ही अजूनही ज्याला बारक्या म्हणता तो,
तुमचा भाऊ

ता. क. सूनबाईने पत्र वाचलं. ती म्हणते, यंत्राबद्दलचं निम्मं बरोबर आहे, पण दुरुस्त करायला गेलं तर तेही बिघडेल, म्हणून तिने तसंच राहू दिलं आहे.

ता. क. आणखी एक. मुद्द्याचं राहिलंच. प्रयोगशाळेत जाताना माझ्या दुकानाला तुम्ही घडवून दिलेलं ते मोठं कुलूप लावून गेलो होतो. येताना किल्ली कुठे पडली कोण जाणे. तेव्हापासून दुकान बंद आहे, आणि यंत्राच्या धास्तीने मी धंदा सोडला अशी सगळ्या गल्लीची समजूत आहे. दोघे-तिघे सांत्वन करून गेले. अडलेली दारं उघडायला लोक मला बोलावतात, आणि माझ्याच्याने ते कुलूप उघडत नाही. सगळे प्रकार करून पाहिले. सूनबाई म्हणाली, इथे माझं यंत्र काही कामाचं नाही. वेल्डर कटर घेऊन आला होता, पण तुमच्या हातच्या वस्तूवर तो चालवू द्यायला माझा जीव होईना, त्याला परत पाठवला. तेव्हा दादा, या. एवढं एक काम करा आणि मग दुकानाचं काय ते ठरवा. तुमचं गिऱ्हाईक पायरीवर बसून आहे.