घरातली, म्हणून शून्य

११ मार्च

— आणि वय साठीपुढे, म्हणून तीन गुण वजा. बेरीज झाली. पुन्हा गुन्ह्याचा धोका: कमी.

तुरुंगातला शिंपी. शुक्रवारी सुटतोय. बहिणीच्या नातीवर अत्याचार केला होता. मुलगी परकी असती तर गुण वाढला असता. घरातली, म्हणून शून्य. मोजपट्टी अशीच आहे — घरातल्यांवर हात टाकणारे पुन्हा कमी सापडतात.

सापडतात!

१२ मार्च

साहेबांना म्हटलं, तो राहायला बहिणीकडेच चाललाय.

“मग? पत्ता मंजूर आहे. मुलगी आता तिथे राहत नाही, असं बहिणीने लिहून दिलंय.”

बहिणीला फोन केला. आवाजात आनंद. “पास झाला ना आमचा भाऊ? तुमच्या परीक्षेत?”

परीक्षा नाही ती, म्हटलं. नात कुठे असते?

“तिच्या आईकडे. आईला रात्रपाळी असली की येते माझ्याकडे. झोपायला तेवढी.”

झोपायला तेवढी.

१३ मार्च

जेवले. भांडी घासली. काही वाटलं नाही.

१४ मार्च

अहवालात लिहिलं: आकडा कमी, पण या घरात ठेवू नये. सुटकेच्या अटी ठरवणाऱ्या समितीतल्या वकिलाने ‘कमी’ वाचलं आणि पान उलटलं. “मॅडम, तुमचीच पट्टी, तुमचाच आकडा. आता तुम्हीच नको म्हणता?” सगळे हसले. मीही हसले बहुतेक.

बाहेर साहेबांना विचारलं, मुलीच्या आईला निदान कळवू?

“अजिबात नाही. ते आपलं काम नाही. नोकरी घालवशील, बाई.”

बरं, म्हटलं.

१५ मार्च

सकाळी फाटक उघडलं. बहीण गाडी घेऊन उभी होती. शिंपी बाकावरून उठेना. मला बोलावलं. त्याला आजवर मी फक्त कागदांत पाहिलेलं. बुटका निघाला. खाली बघून म्हणाला, “ताईकडे नको. दुसरीकडे कुठेही टाका.”

साहेब म्हणाले, सुटलेल्या माणसाला आत ठेवता येत नाही. शिपायांनी दंडाला धरून बाहेर नेलं. बहिणीने त्याची पिशवी घेतली. “चल रे, लाजतोस काय!”

गाडी गेली. मी रस्त्यावर जाऊन मुलीच्या आईला फोन लावला. रात्रपाळी करून झोपली होती. उठवलं.