वर्गात वाचलेला कागद

धुळे, १२ डिसेंबर १९३८

ती. अक्का,
साष्टांग नमस्कार. माझा खोकला थांबला आहे, काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

तरुण मुलांची झोप आणि मन यांचा माझा अभ्यास चालू आहे. माझ्या मानसशास्त्राच्या वर्गातली मुले रोज सकाळी झोपेविषयी लिहून देतात. उखर्डूने लिहिले होते, ‘वारलेल्या आईच्या लुगड्याची गोधडी कवटाळल्याशिवाय झोप येत नाही.’ मला तो दाखला इतका आवडला की नाव न घेता मी तो वर्गात वाचला. पण वसतिगृहात ती गोधडी सर्वांच्या ओळखीची.

“उखर्डू, गोधडीमा माय शे का रे?” मागून कोणी ओरडले. सगळे हसले. मीही हसलो, अक्का.

आता त्याच्या कागदावर एवढेच असते: ‘आठ तास. गाढ झोप.’ बाकीच्यांचेही तसेच. माफी मागायला दोनदा गेलो आणि हवापाण्याचे बोलून परतलो.

माझा मधू त्याची आई गेल्यापासून तुझ्याकडे आहे. ‘त्याला छान झोप लागते,’ असे तू दर पत्रात लिहितेस. खरेच लागते का? असेल ते लिही. मी कोणाला वाचून दाखवणार नाही.

तुझा,
दगडू